राणीच्या बागेंतील घारापुरीचा हत्ती : उचललेल्या अवशेषाचें प्रामाण्य

एकाद्या जुन्या वास्तूचें शरीर नष्ट व्हावें आणि तिचें मुख तेवढें मागें राहावें, असा प्रकार अलीकडे पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडतो. ऑस्ट्रेलियांतील न्यूकॅसल शहरीं समुद्रकांठीं इ. स. १९२२ सालीं उघडलेलें सार्वजनिक स्नानगृह आहे. त्याच्या मागील भागाचें बांधकाम नव्यानें करावयाचें ठरलें, तेव्हां जुना दर्शनी भाग मात्र राखावयाचा असा मार्ग तेथील नगरपालिकेनें पत्करला. आपल्या इकडे पुण्यास कै. दिनकर केळकर यांनीं कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयांत पुन्हां उभे केले, हें आमच्या बहुतेक वाचकांस प्रत्यक्ष पाहून ठाऊक असेल. अशी वार्ता कानीं आली म्हणजे संशोधकास समाधान वाटतें व तें स्वाभाविक आहे. कारण समूळ नाशापेक्षां अंशतः रक्षण केव्हांही बरें. परंतु हें समाधान मानून स्वस्थ बसल्यास एक प्रश्न तसाच राहतो. जागेवरून उचलून दुसरीकडे मांडलेला अवशेष हा पुरावा म्हणून कितपत चालतो? बाडांतून सुटलेलें एक पान कोणीं हातीं आणून दिलें तर आपण त्याचा कागद, शाई, वळण व हंसे पाहतों, तें कोणत्या दप्तरांतून आलें हें विचारतों, आणि मगच त्याच्यावर विधान उभारतों. दगडाच्या बाबतींत मात्र ही सावधगिरी आपण विसरतों. दगड जड असतो, म्हणून तो खोटें बोलणार नाहीं असा कांहीं आपला समज असावा.

मुंबईंत या प्रश्नाचा विचार करण्यास भायखळ्याच्या राणीच्या बागेइतकें, म्हणजे आतांच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाइतकें, सोयीचें स्थळ नाहीं. तेथील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत शहरांतून हलविलेले पुतळे आहेत, आणि त्यांच्या बरोबरीनें घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पुतळ्यांविषयीं येथें लिहावयाचें नाहीं. ते कोणाचे, कोठून व कां आणले हें सर्वविदित आहे. हत्तीची गोष्ट निराळी आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनीं एका बेटास ‘इल्हा दु एलेफांते’ असें नांव दिलें, व ज्या नांवानें तें बेट आज सर्व जगांत ओळखलें जातें, तोच हा हत्ती होय. नांव बेटाकडे राहिलें आणि नांवाचा धनी भायखळ्यास आला!

हा हत्ती मुळांत बेटाच्या दक्षिण अंगास, राजबंदराच्या बाजूस, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर उभा होता. एका सुट्या काळ्या पाषाणांतून तो घडविलेला होता. गलबतांतून उतरून लेण्यांकडे निघालेल्या मनुष्यास प्रथम त्याचें दर्शन होई. म्हणजे लेण्यांच्या भव्य रचनेचें समुद्राकडील मुख किंवा देवडी जी कांहीं होती, तिचा हा भाग होता असें म्हणण्यास हरकत नाहीं. आज प्रवाशांच्या नावा दुसऱ्या अंगास शेतबंदराच्या धक्क्यास लागतात. त्यामुळें जुन्या वाटेची कल्पनाही कोणास राहिलेली नाहीं. लेण्यांवर लिहिणारे विद्वान् त्रिमूर्तीपासून आरंभ करितात. जुने प्रवासी हत्तीपासून आरंभ करीत, आणि क्रमाच्या दृष्टीनें त्यांचेंच बरोबर होतें.

या प्रवाशांच्या साक्षी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे पोथ्यांच्या पाठभेदांची आठवण होते. फ्रायर हा सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत मुंबईस होता. ओव्हिंग्टन त्यानंतर सुमारें पंधरा वर्षांनीं आला. कॅप्टन पाईक यानें इ. स. १७१२ सालीं बेट पाहून आकृती काढल्या, पण त्याचा वृत्तांत छापून निघाला तो इ. स. १७८५ सालीं. हॅमिल्टनचें पुस्तक इ. स. १७२७ चें. नीबूर इ. स. १७६४ सालीं मुंबईस होता. हे सर्व लोक हत्ती होता याविषयीं एकमत आहेत. हॅमिल्टन तर सांगतो कीं दोनशें यार्डांवरून पाहणाऱ्याच्या तीक्ष्ण दृष्टीसही तो जिवंत जनावरासारखा भासावा. परंतु तपशिलांत शिरतांच मतभेद सुरू होतात. हत्तीच्या पाठीवर दुसरा एक लहान प्राणी कोरलेला होता. पाईकनें तो हत्तीचें पिलू म्हणून काढला. पुढील काळच्या कांहीं लेखकांनीं तो वाघ ठरविला. हा भेद क्षुल्लक नव्हे. पाठीवर पिलू असेल तर तें शिल्पकाराचें कौतुक किंवा कुतूहल झालें. वाघ असेल तर हत्तीवर झडप घालणाऱ्या श्वापदाची जी परंपरा आपल्या देवळांच्या व दुर्गांच्या द्वारांवर दिसते, तिच्याशीं या शिल्पाचा संबंध पोंचतो, आणि मग हत्ती येथें शोभेसाठीं होता कीं सत्तेचें चिन्ह म्हणून, हा प्रश्न उपस्थित होतो. शिवनेरीपासून जंजिऱ्यापर्यंत ज्यांनीं दरवाजांवरील शरभ व गज न्याहाळले आहेत, त्यांस याचें महत्त्व सांगावयास नको.

घोड्याचीही अशीच कथा आहे. ओव्हिंग्टन व हॅमिल्टन हे बेटावरील दगडी घोड्याचा उल्लेख करितात. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोध घेणारांस तो दिसला नाहीं. घोडा गेला तो गेलाच. त्याचा एक तुकडाही कोणत्या बागेंत पोंचला नाहीं.

पद्धतशीर वर्णन प्रथम विल्यम एर्स्किन यानें केलें. इ. स. १८०४ च्या नोव्हेंबरांत सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकारानें परळच्या सरकारी वाड्यांत जी वाङ्मयीन सभा स्थापन झाली, तिच्यापुढें एर्स्किननें इ. स. १८१३ सालीं घारापुरीवर निबंध वाचला व तो सभेच्या पहिल्या खंडांत इ. स. १८१९ सालीं छापला गेला. त्यानें हत्तीचीं मापें घेतलीं : कपाळापासून शेपटीपर्यंत १३ फूट २ इंच, डोक्याशीं उंची ७ फूट ४ इंच. हीं मापें घेतलीं गेलीं हें आपलें मोठें भाग्य म्हटलें पाहिजे; कारण निबंध वाचून एक वर्षही होतें न होतें तोंच, इ. स. १८१४ च्या सप्टेंबरांत, हत्तीचें डोकें व मान गळून पडली आणि पुढें धडही खचलें. छायाचित्रणाची कला तेव्हां जन्मास यावयाची होती. यास्तव अखंड हत्तीविषयीं आपल्याजवळ जें कांहीं आहे तें हें एवढेंच : प्रवाशांचीं वाक्यें, पाईकसारख्यांच्या आकृती, आणि एर्स्किनचीं मापें.

त्यापुढील पन्नास वर्षें तो दगडांचा ढीग किनाऱ्याजवळ पडून होता. इ. स. १८६४ च्या सुमारास तो विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना यारी मोडली, आणि ते खंड मुंबईंतच राहून राणीच्या बागेंत आले. एका यारीनें आमच्यावर केवढे उपकार केले आहेत! विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत कॅडेल व ह्यूएट या दोघां इंग्रज गृहस्थांनीं ते तुकडे जुळवून हत्ती पुन्हां उभा केला. त्यांच्या श्रमांविषयीं कृतज्ञता न दाखविणें हा कृतघ्नपणा होईल. शंभर वर्षें फुटून पडलेला पाषाण, ज्याचे दोन भाग कसे बसतात हें सांगणारा एकही मनुष्य हयात नाहीं, तो पायांवर उभा करणें हें सोपें काम नव्हे.

तरी पण टीकाकाराचें काम कृतज्ञतेनें संपत नाहीं. त्रुटित पोथीचा संपादक गळलेलीं अक्षरें आपल्या तर्कानें भरितो, तेव्हां तीं कंसांत घालतो. निदान आज कोणीही संभावित संपादक तसें केल्यावांचून राहत नाहीं. ज्यानें कंस गाळले त्याची प्रत कितीही शुद्ध व वाचनीय असो, तिच्यावरून व्याकरणाचा किंवा कालाचा निर्णय आपण करीत नाहीं. राणीच्या बागेंतील हत्ती ही अशीच कंसरहित प्रत आहे. समोर उभें राहून पाहणाऱ्यास हत्ती दिसतो. कोणता भाग इ. स. १८१४ पूर्वींचा, कोणता जोडकामाचा, कोणत्या दोन खंडांचा सांधा निश्चित आणि कोणता केवळ उभें राहण्यासाठीं बसविलेला, हें त्यास शिला सांगत नाहीं. परिणामीं ज्या एका प्रश्नासाठीं या अवशेषाकडे धांव घ्यावी, म्हणजे पाठीवरील प्राणी कोणता, त्याचें उत्तर शिलेपेक्षां पाईकच्या कागदावर अधिक शोधावें लागतें. अवशेष हातीं असून साक्षीसाठीं प्रवासवर्णनाकडे जावें लागावें, यापरतें अवशेषाचें दारिद्र्य कोणतें?

शिवाय दुसरी एक हानि आहे ती जोडकामानें झाली नाहीं, स्थलांतरानें झाली. हत्तीचें तोंड कोणत्या दिशेस होतें, तो वाटेच्या डाव्या हातास होता कीं उजव्या, बंदर त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत होतें कीं लेणीं, या गोष्टी मूर्तीइतक्याच महत्त्वाच्या होत्या. त्या मूर्तीबरोबर गाडींत घालून आणतां येत नव्हत्या, पण कागदावर आणतां आल्या असत्या.

घारापुरीच्याच इतिहासांत याहून भयंकर उदाहरण आहे, आणि तें तर खरोखर दर्शनी भागाचें आहे. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दु कूतो सांगतो कीं, वसई प्रांत हस्तगत झाल्यावर (हा प्रांत गुजराथच्या बहादूरशहानें इ. स. १५३४ च्या तहानें दिला) लेण्याच्या द्वारावरची एक शिला पोर्तुगीजांनीं काढून नेली. तिच्यावर मोठा व सुरेख कोरलेला लेख होता. येथील हिंदु व मुसलमान यांपैकीं तो वाचणारा कोणी मिळाला नाहीं. तेव्हां ती पोर्तुगालास तिसरा जुवांव राजा याजकडे पाठविली. राजानेंही पुष्कळ खटपट केली, ती व्यर्थ गेली, आणि शिला तेथेंच राहून पुढें तिचा मागमूस उरला नाहीं. नेणारांचा हेतु वाईट होता असें कूतोच्या कथनांत कोठेंही नाहीं. ज्ञानाची जिज्ञासा होती, राजाची आस्था होती, खर्चाची तयारी होती. एकच गोष्ट नव्हती : शिला उचलण्यापूर्वीं कोणीं तिचा ठसा घेतला नाहीं, अक्षरें हुबेहुब उतरून घेतलीं नाहींत.

त्याचें फळ आपण आजतागायत भोगीत आहों. लेण्यांचा कर्ता कोण? एके काळीं त्यांस राष्ट्रकूटकालीन म्हणून आठव्या शतकांत ढकलण्याकडे विद्वानांचा कल होता. पुढें बेटावर सांपडलेल्या कृष्णराजाच्या नाण्यांकडे लक्ष वेधलें, आणि म. म. वा. वि. मिराशी यांनीं कलचुरींचा पक्ष मांडला. आज सहाव्या शतकाचा मध्य हा काल पुष्कळांस मान्य आहे. कोंकणचे मौर्य आहेतच. ऐहोळच्या शके ५५६ च्या प्रशस्तींत दुसऱ्या पुलकेशीनें पश्चिम समुद्राची लक्ष्मी जी पुरी ती जिंकल्याचें वर्णन आहे. ती पुरी म्हणजे घारापुरी कीं राजापुरी, यावर किती शाई खर्च झाली हें या त्रैमासिकांच्या वाचकांस सांगणें म्हणजे काशीकरांस गंगा दाखविणें होय. दोनशें वर्षांचा हा झगडा, आणि द्वारावरील त्या शिलेच्या चार ओळींनीं तो कदाचित् एका सकाळींच मिटला असता. रक्षणाच्या नांवानें झालेल्या नाशाचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां उलट बाजूचें एक उदाहरण घेऊं. गिरगांवाच्या तोंडाशीं धोबी तलाव म्हणून जो चौक आहे, तेथील तलाव केव्हांच बुजला. फ्रामजी कावसजी बनाजी यांनीं इ. स. १८३९ सालीं त्याच्या दुरुस्तीस मोठी रक्कम खर्चिली होती. त्या ठिकाणीं इ. स. १८६७ च्या सुमारास गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांच्या नांवें एक ओतीव लोखंडाचें दीपयुक्त कारंजें उभें राहिलें. इ. स. १९६० नंतरच्या दशकांत रहदारीस अडचण म्हणून तें उतरविलें गेलें व त्याचे भाग याच भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारांत येऊन पडले. म्हणजे हत्तीचें व कारंज्याचें नशीब कांहीं काळ एकाच मांडवाखालीं होतें. परंतु कारंज्याचे भाग गेल्या कांहीं वर्षांत दुरुस्त होऊन मूळ चौकांत परतले. हें शक्य झालें याचें कारण त्याची सर्व कुळकथा ठाऊक होती. तें इंग्लंडांत नॉर्दम्प्टन येथील ओतशाळेंत घडलें. जुनीं छायाचित्रें होतीं. आणि नॉर्दम्प्टनच्या बाजारचौकांत इ. स. १८६३ सालीं त्याचेंच जुळें भावंड उभें केलेलें होतें. (तें भावंड इ. स. १९६२ सालीं पाडलें गेलें. मुंबईचें उतरवून ठेवलेलें टिकलें आणि विलायतेंतील गेलें, हा योग मौजेचा आहे.) कलेच्या दृष्टीनें कारंजें हें हत्तीच्या पासंगासही पुरणार नाहीं. परंतु पुरावा या नात्यानें पुन्हां उभारलेलें कारंजें पुन्हां उभारलेल्या हत्तीहून अधिक विश्वसनीय आहे. तेथें तुटलेला भाग नव्यानें ओतला तर तो कशावरून ओतला हें दाखवितां येतें.

कोणी म्हणेल कीं लोखंडाचें यंत्रनिर्मित कारंजें व हातानें घडविलेला पाषाण यांची तुलना अयोग्य आहे. एका अर्थीं तें खरें आहे. म्हणून पाषाणाचेंच उदाहरण देतों, आणि तेंही परळचें. इ. स. १९३१ सालीं तेथें रस्त्याचें काम चालू असतां सप्तरूप शिवाची ती प्रचंड अर्धवट घडविलेली शिला सांपडली. तिचा काल घारापुरीच्या लेण्यांच्या आसपासचा मानतात. ती उचलून मोठ्या संग्रहालयांत नेण्याचा मोह किती झाला असेल याची कल्पना करावी. तथापि शिला परळांतच बारादेवीच्या देवळांत राहिली, पूजेस लागली, आणि तिची हुबेहुब प्रतिकृति तेवढी त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमांत गेली. अभ्यासकास आकृति मिळाली, परळकरांस देव मिळाला, आणि शिला ज्या भूमींत निघाली त्या भूमीशीं तिचा संबंध अबाधित राहिला. शेंदूर, तेल व दुधाचे अभिषेक यांविषयीं तक्रार करणारे विद्वान् आहेत व त्यांची तक्रार सर्वस्वी निराधार नाहीं. परंतु स्थान गमावण्यापेक्षां थोडें तेल परवडलें असें आमचें मत आहे.

येथें आमच्याच वर्गाविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. वाडे पडूं लागले तसे त्यांचे खांब, महिरपी, गणेशपट्ट्या व नक्षीची तावदानें बाजारांत येऊं लागलीं, आणि तीं विकत घेणारांत संग्राहकच पुष्कळ असतात. महिरप घरीं आल्यावर तिच्यावर निबंधही लिहिला जातो. ती कोणत्या गांवच्या, कोणत्या वाड्याच्या, कितव्या चौकांतली, तिच्या दोहों बाजूंस काय होतें, हें विक्रेत्यास विचारण्याचे कष्ट किती जण घेतात? जुन्या कागदाच्या बाबतींत हीच मंडळी दप्तराचें नांव व रुमालाचा क्रमांक लिहून ठेवण्याविषयीं अत्यंत दक्ष असतात. कागदाला जो न्याय तो लांकडाला कां नसावा, हें आम्हांस कळत नाहीं.

हत्तीपुरतें बोलावयाचें तर त्यास आतां राजबंदरास परत न्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. पुन्हां हलविणें म्हणजे पुन्हां फोडणें. आणि शतकाहून अधिक काळ उभें राहून भायखळ्याचाही त्याच्यावर कांहीं हक्क झालाच आहे. लाल परळच्या गिरणगांवांतील मुलांनीं त्याला पाहिलें तें याच जागीं. परंतु दोन कामें अशीं आहेत कीं त्यांस ना मोठा खर्च लागतो ना कोणाची उदार देणगी. एक, जुन्या साक्षी मूळ शब्दांत व मूळ आकृतींसह एकत्र छापून त्यांचा पाठभेदांसारखा विचार व्हावा. फ्रायरपासून एर्स्किनपर्यंतचा सर्व मजकूर एका अंकांत मावेल इतकाच आहे. दुसरें त्याहून सोपें. मुंबईच्या टाउन हॉलांतील एशियाटिक सोसायटी ही परळच्या त्या सभेचीच वारस होय. एर्स्किनचीं मापें हातीं घेऊन एकानें भायखळ्यास जावें आणि आजच्या हत्तीस फीत लावावी. कपाळापासून शेपटीपर्यंतचे १३ फूट २ इंच जुळले तर कॅडेल व ह्यूएट यांच्या सांध्यांवर आपला विश्वास वाढेल. कमी भरले तर किती भाग घारापुरीच्या चिखलांत किंवा यारीखालीं राहिला याचा अंदाज निघेल. आणि अधिक भरले, तर जोडकामांत नवा मसाला कोठें व किती शिरला आहे हें पाहण्यास त्याच वेळीं एक भिंग व खडू बरोबर असावा.